तारापूरचे पोलाद आणि माणसाचे हाड

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या पोलादी पात्रांच्या आत पोलादाचेच काही छोटे तुकडे डब्यांत बंद करून ठेवले गेले. ज्या पोलादाचे पात्र, त्याच पोलादाचे हे नमुने. प्रमाणित नमुना म्हणजे 10 मिलिमीटर रुंद, 10 मिलिमीटर जाड, 55 मिलिमीटर लांब आणि मधोमध 2 मिलिमीटर खोल खाच. वीज तयार करण्यात त्यांचा काहीच वाटा नव्हता. पात्राच्या भिंतीसोबत किरणोत्सर्ग सोसत म्हातारे व्हायचे आणि ठरल्या वेळी बाहेर येऊन मोडून घ्यायचे, एवढेच त्यांचे काम.

या तुकड्यांना जो प्रश्न विचारला गेला, तोच आज जगभरच्या प्रयोगशाळांत माणसाच्या हाडाला विचारला जातो: तुझ्यात आधीच एक तडा आहे असे धरले, तर तू किती तग धरशील? प्रश्न सारखा, मोजण्याची रीत जवळजवळ सारखी, आणि या दोन्ही कामांत नाव कमावलेली काही माणसेसुद्धा तीच. पोलादासाठी तयार झालेली मोजपट्टी हाडापर्यंत कशी पोहोचली, त्याचा हा इतिहास आहे. बोईसर-तारापूरचा किनारा आणि मुंबईतले परळ ही त्यातली आपल्याकडची दोन ठिकाणे.

ताकद वेगळी, चिवटपणा वेगळा

हाड आणि भार यांचे गणित जुने आहे. गॅलिलिओने 1638 च्या आपल्या ग्रंथात दोन हाडांचे चित्र काढले होते: एक लहान प्राण्याचे, दुसरे त्याच्या तिप्पट लांब पण बेढब जाड. प्राणी मोठा झाला की वजन आकारमानाच्या हिशेबाने वाढते, हाडाची ताकद मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने. म्हणून हत्तीचे हाड हरणाच्या हाडाची मोठी प्रत असू शकत नाही. पुढे 1866 च्या सुमारास झुरिचमध्ये कार्ल कुलमान या अभियंत्याला मांडीच्या हाडाच्या टोकातली जाळी पाहून क्रेनमधल्या ताणाच्या रेषा आठवल्या, आणि 1892 मध्ये ज्युलियस वोल्फने हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलते, हा सिद्धांत मांडला.

या सगळ्यांत विचार होता तो ताकदीचा. पोलादाचेही तसेच. पट्टी यंत्रात धरायची, दोन्हीकडून ओढायची, तुटली की आकडा वहीत मांडायचा. एकोणिसाव्या शतकातले पूल, बॉयलर आणि रूळ याच आकड्यांवर बांधले गेले. पण ओढण्याच्या चाचणीत अव्वल ठरलेले पोलाद कधी कधी न वाकता, कसलीही चाहूल न देता तुटत होते. कापडाचा दुकानदार ताग्यातून कापड फाडताना आधी काठाला कात्रीने छोटा छेद देतो. एरवी दोन माणसांनी ओढले तरी न फाटणारे कापड मग एका झटक्यात सरळ फाटत जाते. पोलादाच्या बाबतीतही खरा प्रश्न छेद पडल्यानंतरचा होता.

फ्रान्सच्या जॉर्ज शार्पीने 1901 मध्ये या प्रश्नासाठी चाचणीची एक रीत पक्की केली. खाच पाडलेला तुकडा आधारांवर ठेवायचा आणि वरून जड लोलक सोडायचा. लोलक तुकडा मोडून पलीकडे किती उंच जातो, त्यावरून मोडताना किती ऊर्जा खर्ची पडली ते कळते. चिवट पोलाद लोलकाचा बराचसा जोर खाऊन टाकते, ठिसूळ पोलाद त्याला जवळपास तसाच पुढे जाऊ देते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचे काम करणाऱ्यांना हे यंत्र नवे नाही. पोलादाच्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत ते असतेच.

शार्पीची चाचणी उपयोगी होती, पण तडा का वाढतो हे ती सांगत नव्हती. ते उत्तर इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथने 1921 मध्ये दिले. काचेवर प्रयोग करताना त्याने ऊर्जेचा जमाखर्च मांडला. तडा थोडा पुढे सरकला की वस्तूत साठलेल्या ताणाची काही ऊर्जा मोकळी होते, आणि तड्याचे नवे पृष्ठभाग तयार करायला काही ऊर्जा लागते. जमा खर्चापेक्षा जास्त झाली की तडा आपोआप धावू लागतो. लेख उत्तम होता, पण तो काचेबद्दल होता. जहाजे आणि बॉयलर बांधणाऱ्यांनी त्याकडे वीस वर्षे फारसे लक्ष दिले नाही.

16 जानेवारी 1943 च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंड बंदरात ‘शेनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला शांत पाण्यात उभे होते. मोठा आवाज झाला आणि जहाज मध्यावर जवळजवळ दुभंगले. वादळ नव्हते, पाणतीराचा हल्लाही नव्हता. युद्धासाठी घाईने बांधलेल्या 2,700 हून अधिक ‘लिबर्टी’ जहाजांपैकी अनेकांना असेच तडे गेले. रिव्हेट मारून जोडलेल्या जुन्या जहाजांत तडा पत्र्याच्या कडेला पोहोचला की थांबत असे. वेल्डिंगने सांधलेल्या नव्या जहाजांत त्याला अडवणारी कडच उरली नव्हती. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की मुख्य दोष पोलादात आहे. ठरावीक तापमानाच्या खाली गेले की ते चिवटपणा सोडून ठिसूळ होते. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या जॉर्ज आयर्विनने 1957 मध्ये ग्रिफिथचा जमाखर्च अभियंत्यांना रोज वापरता येईल अशा आकड्यात बसवला. तड्याच्या टोकाशी ताण किती एकवटला आहे आणि तो किती झाला की तडा सुटतो, हे आता गणिताने सांगता येऊ लागले. याच आकड्याला पुढे फ्रॅक्चर टफनेस हे नाव पडले.

समुद्राकाठचा करार

हे शास्त्र जेमतेम सात वर्षांचे असताना त्याच्याशी महाराष्ट्राचा थेट संबंध आला. ऑगस्ट 1963 मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तारापूरसाठी करार झाला आणि मे 1964 मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळाले. जागा मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर तालुक्यात. थंडाव्यासाठी अरबी समुद्राचे पाणी, जवळ बोईसरचे रेल्वे स्टेशन, आणि वीज महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना देता येईल असे ठिकाण. होमी भाभांनी हा प्रकल्प पुढे रेटला, पण तो पूर्ण झालेला त्यांना पाहता आला नाही. जानेवारी 1966 मध्ये त्यांचे विमान आल्प्समध्ये कोसळले. 28 ऑक्टोबर 1969 रोजी दोन्ही अणुभट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली आणि 19 जानेवारी 1970 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते केंद्राचे लोकार्पण झाले. त्या वेळी प्रत्येक अणुभट्टीची क्षमता 210 मेगावॉट होती.

या अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या. पात्रात इंधनाभोवतीचे पाणी उकळते आणि त्याची वाफ टर्बाइन फिरवते. आत वातावरणाच्या सुमारे सत्तर पट दाब आणि साधारण 285 अंश सेल्सिअस तापमान. हे सगळे पेलते ते मिश्रपोलादाचे जाड पात्र, आतून स्टेनलेस स्टीलचा थर दिलेले. अणुवीज केंद्रातले पंप, झडपा, पाइप, तारा, टर्बाइनची पाती या सगळ्या गोष्टी आज ना उद्या बदलता येतात. पात्र मात्र बदलत नाहीत. त्याचे आयुष्य संपले की अणुभट्टीचे आयुष्य संपले.

आणि हे पात्र रोज न्यूट्रॉनांचा मारा खात असते. न्यूट्रॉन पोलादात घुसतो तेव्हा स्फटिकातले अणू जागचे उडवतो. बहुतेक अणू परत कुठेतरी बसतात, पण सगळे आपापल्या जागी बसत नाहीत. पोलादात अंशमात्र असलेले तांबे अशा वेळी बारीक गोळ्यांच्या रूपात एकत्र येते. त्यामुळे पोलादाचे थर एकमेकांवरून सहज सरकेनासे होतात. गंमत अशी की ओढण्याच्या चाचणीत असे पोलाद पूर्वीपेक्षा जास्त मजबूत ठरते. कागदावर ताकद वाढते आणि चिवटपणा घटतो. ज्या तापमानाखाली पोलाद ठिसूळ होते, ती सीमाही वर सरकते. ही सीमा किती सरकली हे ओळखायचे म्हणून ते खाच पाडलेले तुकडे पात्राच्या आत ठेवलेले असतात.

लोलकाखालचे पाच सेकंद

असा तुकडा अणुभट्टीबाहेर काढला की तो स्वतःच किरणोत्सर्गी असतो. त्याला हात लावता येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा कामासाठी हॉट सेल आहेत: जाड काँक्रीटच्या भिंती, शिशाच्या काचेच्या खिडक्या आणि आत बाहेरून चालवायचे यांत्रिक हात. खिडकीपुढे उभा असलेला तंत्रज्ञ आपले मनगट वळवतो तशी आतली पकड वळते.

तुकडा आधी ठरलेल्या तापमानाच्या द्रवात बुडवून ठेवतात. एक शून्याखाली, दुसरा खोलीच्या तापमानाला, तिसरा उकळत्या पाण्याइतका गरम, असे वेगवेगळे. मग तो उचलून आधारांवर ठेवायचा, खाच बरोबर लोलकाच्या विरुद्ध बाजूला आणि बरोबर मध्यावर येईल असा, आणि लोलक सोडायचा. द्रवातून काढल्यापासून मोडेपर्यंत पाच सेकंदांहून अधिक वेळ जाता कामा नये, नाहीतर तापमान बदलते आणि आकडा फुकट जातो. उघड्या हातांनी हे सोपे आहे. जाड काचेपलीकडे यांत्रिक बोटांनी करायचे म्हणजे सरावाचे काम. आणि तुकडे मोजके. इतकी वर्षे अणुभट्टीत राहिलेला नमुना चुकीचा ठेवला गेला, तर दुसरा कुठून आणणार?

मोडलेले अर्धे तुकडेही बोलतात. चिवटपणे तुटलेला भाग काळसर, तंतूंसारखा आणि कडेला फुगलेला दिसतो. ठिसूळ तुटलेला भाग चमकतो आणि सपाट असतो. प्रत्येक तापमानाला खर्ची पडलेली ऊर्जा आलेखावर मांडली की खाली सपाट, मध्ये चढ, वर पुन्हा सपाट अशी रेघ तयार होते. ऊर्जा 41 जूल भरते ते तापमान खुणेसाठी धरतात. नव्या पोलादाची खूण आणि किरणोत्सर्ग सोसलेल्या पोलादाची खूण यांतले अंतर म्हणजे पात्राचे वय.

या आकड्यावरून रोजचा एक नियम निघतो. अणुभट्टी चालू असताना पात्र गरम असते, तेव्हा चिवटपणाची फारशी चिंता नसते. धोका असतो तो ती सुरू किंवा बंद करताना आणि दाबाची तपासणी करताना. पात्र थंड असताना आतला दाब किती वाढू द्यायचा, याची मर्यादा त्या छोट्या तुकड्यांच्या आलेखावरून ठरते. पात्र जुने होत जाते तशी ही मर्यादा अधिक कडक करावी लागते.

बदलता न येणारे पात्र

तारापूरच्या अणुभट्ट्या दीर्घायुषी झाल्या त्यामागे राजकारणही होते. मे 1974 मधल्या पोखरणच्या चाचणीनंतर अमेरिकेकडून येणाऱ्या समृद्ध युरेनियमचा पुरवठा अडखळला आणि 1978 च्या अमेरिकी कायद्याने त्याची वाट जवळपास बंद केली. पुढे फ्रान्सने इंधन दिले, नंतर चीनने 1995 मध्ये आणि रशियाने 2001 मध्ये. भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वतः केलेले प्लुटोनियम-युरेनियमचे मिश्र इंधनही इथे वापरून पाहिले. वाफेच्या दुय्यम जनित्रांच्या नळ्या गळू लागल्यावर ती बाजूला काढली गेली आणि ऐंशीच्या दशकात क्षमता 210 वरून 160 मेगावॉटवर आली. त्या पिढीच्या अणुभट्ट्यांत स्टेनलेस स्टीलच्या पाइपांना वेल्डच्या आसपास गंज आणि ताण यांच्या संगनमताने तडे जात, हा अनुभव जगभर आला. बाहेरून मदत मिळण्याची खात्री नसताना जे आहे तेच नीट राखणे भाग होते. तारापूर हे देशासाठी जुनी यंत्रणा समजून घेण्याची शाळाच झाले.

अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झाले. केंद्राला तीस वर्षे झाल्यावर, 2000 च्या सुमारास, त्याचा सर्वंकष सुरक्षा आढावा सुरू झाला. चालवण्याचा अनुभव, भूकंपाचा नव्याने केलेला हिशेब आणि जीर्ण होत जाणाऱ्या भागांची तपासणी हे सगळे त्यात होते. पात्राच्या पोलादाचा प्रश्न याच तपासणीत येत होता. 2005-06 मध्ये दोन्ही अणुभट्ट्या थांबवून सुधारणा केल्या गेल्या आणि पुढे चालवायची परवानगी मिळाली. त्याच सुमारास शेजारी स्वदेशी बनावटीच्या 540 मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली, आणि पुनर्वसनाचा वाद पुढे बराच काळ चालला. 2020 मध्ये जुन्या दोन अणुभट्ट्या पुन्हा दीर्घकाळ बंद झाल्या. या वेळी पाणी फिरवणारे मोठे पाइप बदलायचे होते. पाइप नवे, पात्र 1969 चेच.

पोलादाकडून हाडाकडे

आयर्विनचे गणित पोलादासाठी असले तरी त्यात पोलादाचे असे काही खास नव्हते. तडा आणि ताण असेल तिथे ते चालते. 1970 मध्ये पिकार्स्की यांनी हाडाच्या तडकण्यावर भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि 1976 मध्ये बॉनफील्ड व दत्ता यांनी हाडाची फ्रॅक्चर टफनेस मोजून प्रसिद्ध केली.

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ जॉन करी यांनी 1979 मध्ये तीन हाडे शेजारी ठेवली: सांबरकुळातल्या हरणाचे शिंग, गाईची मांडी आणि देवमाशाच्या कानातले हाड. मोडायला लागणारी ऊर्जा शिंगाची दर चौरस मीटरला 6,190 जूल, गाईच्या मांडीची 1,710 आणि कानाच्या हाडाची अवघी 200. खनिजाचे प्रमाण याच्या नेमके उलट: शिंगात 59 टक्के, मांडीत 67, कानाच्या हाडात 86. कानाचे हाड सर्वांत कडक आणि सर्वांत ठिसूळ. ध्वनी पोहोचवायला कडकपणा लागतो, टक्कर कोणी देत नाही. शिंगांची झुंज दर हंगामात होते. हाड किती कडक आहे यावरून ते किती सहज मोडेल हे सांगता येत नाही, ही गोष्ट या तीन आकड्यांनी पक्की केली.

मोजमाप मात्र पोलादाइतके सोपे नव्हते. हाड वाळले की जास्त कडक आणि ठिसूळ होते, म्हणून नमुना क्षारपाण्यात भिजलेला ठेवावा लागतो आणि साठवायचा तर गोठवून. हाडाच्या लांबीला समांतर तडा सहज धावतो, आडवा जाताना अडखळतो. त्यामुळे कुठल्या दिशेने मोजले हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. हिऱ्याच्या करवतीने दोन-चार मिलिमीटर जाडीची पट्टी कापायची, तिला खाच पाडायची, मग त्या खाचेच्या तळाशी रेझर ब्लेड घासून टोक शक्य तितके धारदार करायचे. पट्टी दोन आधारांवर ठेवून वरून मध्यावर हळूहळू दाब द्यायचा. खाचेतून तडा निघतो आणि इथे खरी गोष्ट घडते. ठिसूळ पोलादात किंवा काचेत तडा सुटला की बहुधा काम संपते. हाडातला तडा थोडा जातो आणि थबकतो. पुढे न्यायला आणखी जोर लागतो, त्यापुढे आणखी.

याचे कारण रॉबर्ट रिची यांच्या बर्कलीतल्या प्रयोगशाळेने 2003 नंतरच्या कामांतून उलगडून दाखवले. हाडात सूक्ष्म नळकांडी असतात. त्यांच्या कडेशी तडा आला की तो वळतो. मागे काही न तुटलेले दुवे राहतात, ते तड्याच्या दोन बाजू धरून ठेवतात. कोलॅजनचे तंतू ताणले जातात, आजूबाजूला बारीक भेगा पडून ऊर्जा वाटली जाते. म्हणून हाडासाठी एक आकडा पुरत नाही. तडा जसजसा लांबतो तसतसा त्याचा प्रतिकार कसा वाढत जातो, अशी पूर्ण रेघ काढावी लागते. रिची यांच्या नावाशी हे काम जोडले जाते यात एक संगती आहे. 1973 मध्ये नॉट आणि राइस यांच्यासोबत त्यांनी मऊ पोलादाच्या ठिसूळ मोडण्याचे प्रारूप मांडले होते, आणि अणुभट्टीच्या पात्रांच्या अभ्यासात ते अजून वापरले जाते. 1968 मध्ये राइस यांनी दिलेले गणित, मोठ्या प्रमाणात वाकणाऱ्या पदार्थांसाठीचे, आज हाडाच्या पट्टीवरही चालते. हाडाची फ्रॅक्चर टफनेस प्रचलित एककात साधारण 2 ते 12 या पट्ट्यात येते, काचेची त्याच एककात एकाहून कमी, पात्राच्या चांगल्या पोलादाची दोनशेच्या आसपास.

परळची हाडे, तुर्भ्याचे किरण

पोलाद आणि हाड यांची गाठ महाराष्ट्रात पडली ती एका वेगळ्याच कामात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने ऊतीपेढी सुरू झाली. कर्करोगाने खाल्लेले हाड काढले की तिथे पोकळी उरते. ती भरायला दुसऱ्याचे हाड लागते, आणि ते निर्जंतुक असले पाहिजे. तुर्भ्याला भाभा केंद्राचा ‘आयसोमेड’ हा प्रकल्प 1974 पासून कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी इंजेक्शनच्या सिरिंज, टाके घालायचे धागे आणि मलमपट्ट्या निर्जंतुक करत होता. दात्यांची हाडेही पाकिटात बंद करून त्याच वाटेने जाऊ लागली. सर्वसाधारण मात्रा 25 किलोग्रे.

जंतू मारणारे किरण हाडालाही काही करत असणारच. काय करतात, हे जॉन करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मोजले. माणसाच्या हाडाच्या पट्ट्यांना सुमारे 17, 29.5 आणि 94.7 किलोग्रे मात्रा दिली. कडकपणात काही फरक पडला नाही. मोडायला लागणारी ऊर्जा मात्र चांगलीच घटली, मात्रा वाढली तशी अधिक. बर्कलीच्या गटाने 2010 मध्ये क्ष-किरणांच्या जोरदार मात्रांनी हेच दाखवले. किरण कोलॅजनच्या साखळ्या तोडतात, तंतूंची ताणली जाण्याची क्षमता जाते आणि हाडाचा तडा अडवण्याचा सगळा डाव ढिला पडतो. न्यूट्रॉन खाल्लेल्या पोलादाचीही हीच कथा: कडकपणाच्या चाचणीत उत्तीर्ण, चिवटपणात नापास. एकाच मोजपट्टीवर ठेवल्यामुळेच हे साम्य दिसले.

यातून व्यवहाराचे निर्णय निघाले. किरणांनी निर्जंतुक केलेले हाड पोकळी भरायला, जिथे आजूबाजूचे जिवंत हाड भार उचलेल तिथे, चांगले चालते. पायाचा पूर्ण भार एकट्याने पेलायला ते द्यायचे तर मात्रा, तापमान आणि ओलावा यांचा विचार करावा लागतो. गोठवलेल्या अवस्थेत किरण दिले तर नुकसान कमी होते, कारण पाण्यापासून तयार होणारे घातक कण तिथे फिरू शकत नाहीत. टाटा रुग्णालयातच वापरली जाणारी आणखी एक पद्धत मात्रेचा फरक दाखवते. काही रुग्णांचे गाठ असलेले हाड शस्त्रक्रियेच्या वेळी काढून त्याला 50 ग्रे मात्रा देतात आणि तेच हाड परत बसवतात. पेढीतल्या हाडाला मिळणाऱ्या मात्रेचा ती पाचशेवा भाग आहे. कर्कपेशी मारायला तेवढी पुरते आणि कोलॅजन बव्हंशी शाबूत राहते.

मोजपट्टीने काय दिले

या शंभर वर्षांच्या कामाचा पहिला परिणाम म्हणजे ‘मजबूत’ या एका शब्दावर विसंबायची सोय गेली. जहाजे, पात्रे, पाइप आणि कृत्रिम सांधे यांच्या नियमांत आता तडा असणारच हे गृहीत धरले जाते आणि तो किती मोठा चालेल हे आधी ठरवले जाते.

तारापूरला याचा फायदा झाला, पण मर्यादेसह. पात्र चिवट आहे की नाही एवढेच लोलक सांगतो. मार्च 2011 मध्ये फुकुशिमात अपघात घडला तो पात्राचे पोलाद ठिसूळ झाल्याने नव्हे. त्सुनामीने वीज गेली आणि थंडावा बंद पडला. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात जाणवत राहिलेले भूकंपाचे हादरे, समुद्र, वीजपुरवठा, जवळची गावे आणि तिथून लोक हलवण्याची तयारी हे प्रश्न त्या छोट्या तुकड्यांच्या आलेखात येत नाहीत. पात्राच्या चाचणीकडे बोट दाखवून बाकीचे प्रश्न मिटवता येणार नाहीत. आणि बाकीच्या प्रश्नांमुळे पात्राच्या चाचणीचे मोलही कमी होत नाही.

हाडाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. दवाखान्यात होणारी डेक्सा तपासणी हाडातले खनिज मोजते. जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ठरवलेल्या उणे 2.5 या रेषेवरून अस्थिसुषिरतेचे निदान होते. पण वय वाढते तसा कोलॅजनचा पोत बदलतो, चिवटपणा घटतो, आणि खनिजाच्या आकड्यात हे सगळे उतरत नाही. म्हणूनच डेक्साचा आकडा बरा असलेल्या कितीतरी माणसांची हाडे साध्या पडण्याने मोडतात. नडगीच्या हाडावर बारीक सुई टेकवून ते किती दबते हे पाहण्याची रीत संशोधकांनी काढली आहे. ती उपयोगी आहे, पण खाच पाडून तडा मोजण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

अणुभट्टीच्या पात्रासोबत त्याच पोलादाचे तुकडे ठेवण्याची दूरदृष्टी 1960 च्या दशकातल्या अभियंत्यांनी दाखवली, म्हणून तारापूरच्या पात्राचे वय पात्राला हात न लावता कळले. माणसासोबत त्याच्या हाडाचा असा तुकडा कोणी ठेवत नाही. जिवंत हाडाचा चिवटपणा हाड न कापता मोजायचा कसा, हा या शास्त्रापुढचा उरलेला मोठा प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत डॉक्टरांना वय, आधीचे फ्रॅक्चर, घरातला इतिहास, औषधे आणि पडण्याची शक्यता यांवरूनच अंदाज बांधावा लागेल, आणि डेक्साचा एकटा आकडा पाहून रुग्णाने निश्चिंत होणे किंवा घाबरणे दोन्ही चुकीचे ठरेल.